डायरेक्ट का इनडायरेक्ट

वाशीमला आमच्या नव्या घराची वास्तुशांती होती. शेजारचा प्रफुल दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला विचारत होता, "तुमी डायरेक्ट का इनडायरेक्ट?"

प्रफुल घरी बसून पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितो. त्याच्या कामात म्हणे आपण तयार कोडची चार पॅकेजं नाव घेऊन मागवतो आणि त्यांच्या गरजेची चाळीस आपोआप सोबत येतात. मागवलेली ती डायरेक्ट, सोबत आलेली ती इनडायरेक्ट. डायरेक्ट काढलं की त्याच्यासोबतची इनडायरेक्टही निघतात. एवढ्यावर थांबला तर तो प्रफुल कसला! त्यानं अख्खं जग या दोन खान्यांत बसवलं. माझ्या मेव्हण्याला तो तोंडावर "वहिनीसोबत आलेले" म्हणतो.

तर त्या दिवशी त्याला धनजचा एक म्हातारा सापडला. आचाऱ्याच्या साडूचा मित्र, म्हणजे इनडायरेक्टचाही इनडायरेक्ट. प्रफुलनं त्याला आदरानं चहा पाजला आणि जादाचा माणूस म्हणून गाडीवरून बसस्टँडवर सोडून दिलं. तासाभरानं कळलं की गोवऱ्यांच्या जाळात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, न करपवता उलटणं फक्त त्या म्हाताऱ्यालाच जमत होतं. आमचे पाहुणे कोळसे चावत बसले आणि प्रफुल खूश. "पाहा भाऊ, कोनाचं कोनावर अडून राह्यलं, ते काढल्याबिगर समजत नाही." मी त्याला मारलं नाही, हे माझे संस्कार.

त्याची बायको दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. सासू मात्र त्याच्याकडेच राहते. गेल्या महिन्यात इंझोरीहून तिचा मुलगा तिला कायमचं न्यायला आला. मी गेलो तेव्हा प्रफुल स्वतःच तिच्या गोळ्या पिशवीत भरत होता. मला रागच आला. अरे, थांबव की तिला, मी म्हणालो.

"कोन्या हक्कानं, भाऊ? मी तिच्या पोरीसोबत आलेला. पोरगीच नाही राह्यली."

दुसऱ्यांना खाने वाटत फिरणारा हा गडी स्वतःला कुठल्या खान्यात ठेवून बसला होता, ते मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं.

मुलगा आईला म्हणाला, चाल माय, इथं आता तुह्यं कोन हाय? म्हातारीनं प्रफुलच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि गोळ्या एकेक करून परत फळीवर मांडू लागली.

"तुह्यी बहीन त नाहीच म्हने याले. हा पोरगा लय बडबडते म्हने. हट्ट धरून याले मीच पसंत केला. तू जाय."