मास्तरांच्या आडनावाची कुळकथा

दार उघडलं आणि टेलरमास्तरांना ते पुन्हा लावून घ्यावंसं वाटलं. मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं आज पहिल्यांदा घरी येणार, हे ठरलेलं होतं. मुलाबरोबर त्याचे वडील, मामा आणि आत्या येणार, हेही ठरलेलं होतं. फक्त ही तिन्ही मोठी माणसं आपलीच गिऱ्हाईकं निघतील, हे काही मास्तरांच्या स्वप्नातही नव्हतं.

"आडनाव ऐकलं तेव्हाच मी म्हटलं, हे आपले मास्तरच!" मामा आत येता येता गरजले. "या आडनावाची दुसरी माणसं आहेतच कुठे?"

खरंच नव्हती. टेलिफोनच्या पुस्तकात हे आडनाव दोनदाच यायचं. एकदा मास्तरांचं घर म्हणून आणि एकदा मास्तरांचं दुकान म्हणून. मी ते इथे मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच विचाराल, "म्हणजे काय हो?" आणि गोष्ट तिथेच अडून बसेल. मुलाचं आडनाव मात्र असं, की गर्दीत हाक मारली तर निम्मी गर्दी वळून बघेल. त्यावरून मास्तरांना कसला पत्ता लागणार!

आता तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईकं तर गिऱ्हाईकं, त्यात दार लावून घेण्यासारखं काय? तर सांगतो. माणूस टेलरसमोर उभा राहिला की पोट आत घेतो. सगळेच घेतात. मग पँट शिवून झाली की श्वास सोडता येत नाही आणि खापर टेलरच्या डोक्यावर फुटतं. "साहेब, पोट सैल सोडा," म्हटलं की गिऱ्हाईक रागावतं. मास्तरांनी यावर भलताच उपाय शोधला होता. दुकानावरची पाटी वाचून प्रत्येक जण आडनावाचा अर्थ विचारायचाच. मास्तर टेप हातात घेऊन अर्थ सांगायला लागायचे. ऐकण्याच्या नादात माणूस पोट विसरायचा, आणि तेवढ्यात माप घेऊन व्हायचं.

पण गोष्ट माणसाला आवडेल अशी हवी ना? मग मास्तर ती गिऱ्हाईक बघून बेतायचे. मामा सैन्यातून निवृत्त झालेले, म्हणून त्यांच्यासाठी आडनावाचा मूळपुरुष किल्ल्याचा दरवाजा एकट्याने लढवून पडला होता. आत्या दवाखान्यात नर्स, म्हणून त्यांच्या माहितीतला मूळपुरुष मोडलेली हाडं नुसत्या हाताने बसवायचा. आणि मुलाचे वडील? ते वजनमापं तपासणारे साहेब. निवृत्त झाले तरी भाजीवाले त्यांना बघून अजूनही काटा पुसून घेत. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांनी आधी मास्तरांचा टेप तपासला होता. अशा माणसासाठी मूळपुरुष बाजारातला तोलणारा झाला होता, ज्याने खुद्द राजालाही मापात एक दाणा जास्त दिला नाही.

"एक दिवस ही सगळी एका खोलीत भेटतील, मग बसा बोंबलत," असं मास्तरांची बायको वर्षानुवर्षं म्हणत आली होती. तो दिवस आज चहाबिस्किटांसह उजाडला होता.

मास्तरांनी विषय टाळायची शर्थ केली. हवेबद्दल बोलून झालं, पंख्याच्या आवाजाबद्दल बोलून झालं. लेक मुलाकडे बघून हळूच हसत होती. तिचा तो खुललेला चेहरा बघून मास्तरांचा जीव आणखीच खालीवर होत होता. हे लग्न मोडलं तर केवळ आपल्या जिभेमुळे मोडणार.

"काही म्हणा," आत्या बिस्किट उचलत म्हणाल्या, "मी तर शेजारी सगळ्यांना सांगून ठेवलंय. हाडवैद्यांच्या घराण्यातली सून येतेय आमच्याकडे."

"हाडवैद्य?" मामा हसले. "ताई, काहीतरी काय! लढवय्यांचं घराणं आहे हे. दरवाजा लढवला होता एकट्याने. हो ना मास्तर?"

"ते... म्हणजे... बिस्किटं घ्या ना," मास्तर म्हणाले.

"अहो, मला यांनी स्वतः सांगितलंय!" आत्या म्हणाल्या.

"मग मला काय त्यांच्या भुताने सांगितलं?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला तिसरंच सांगितलं होतं," ते म्हणाले. "तोलणारा होता म्हणून. मास्तर, यातलं खरं कुठलं?"

लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. तेवढं बघितलं आणि चौथी थाप जिभेवर येऊनही त्यांच्याने बोलवेना.

"एकही नाही," ते म्हणाले.

"एकही नाही?" साहेबांनी विचारलं.

"मी सांगते," मास्तरांची बायको पुढे झाली. "तुम्ही सगळे माप देताना पोट आत ओढता. ते सुटावं म्हणून हे गोष्टी सांगतात. झालं! बाकी माणूस वाईट नाही."

"मी पोट आत ओढतो?" मामा गरजले आणि बसल्या बसल्या त्यांनी पोट आत ओढलं. आत्यांना हसू आवरेना. साहेब मात्र हसले नाहीत.

"म्हणजे माप खरं यावं म्हणून गोष्ट खोटी," ते म्हणाले. "पण मास्तर, मला खोटं चालत नाही. ज्या घराला स्वतःचं मूळ खरं सांगता येत नाही, त्या घराशी सोयरीक कशी करायची?" आणि ते उठले.

लेकीने खाली मान घातली. ते बघून मास्तरांचा बांध फुटला. "साहेब, खरं मलाच ठाऊक नाही हो! वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले आजोबांना विचार. आजोबा तर मी जन्मायच्या आधीच गेलेले. माझ्या थापांची शिक्षा पोरीला देऊ नका. आणि आता अर्थ कळून तरी काय करायचाय? एकच लेक मला. ती तुमच्या घरी आली की आमचं आडनाव संपलंच. पाटीवर राहील, ती गंजेपर्यंत."

इतका वेळ गप्प बसलेला मुलगा खाकरला.

"बाबा, बसा ना जरा," तो म्हणाला. "आज एक बोलायचंच होतं. लग्नानंतर ही आडनाव बदलणार नाही. मी बदलणार आहे. मी यांचं आडनाव लावणार."

आत्यांचं बिस्किट चहात पडलं. साहेब खाली बसले, पण ते आपोआप. "का रे? आपल्या आडनावात काय कमी आहे?"

"कमी काहीच नाही, बाबा. जास्तच आहे! शाळेत माझ्या नावा-आडनावाची चार मुलं होती. मार मी खायचो, बक्षीस दुसराच न्यायचा. मागच्या वर्षी दात दाखवायला गेलो, तर मूळव्याधीच्या ऑपरेशनला न्यायला लागले मला! ओरडलो म्हणून वाचलो. मला अर्थबिर्थ काही नको. हाक मारली की एकट्याने वळून बघायचंय, बस."

"आणि हे मी सांगितलेलं नाही हं," लेक घाईघाईने म्हणाली. "मी दोनदा नको म्हटलं."

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेब आढ्याकडे बघत होते. जन्मभर त्यांनी एकच काम केलं होतं. एका पारड्यात काय पडलंय, दुसऱ्यात काय पडलंय, ते बघायचं.

"आमच्या आडनावाचे किती असतील रे?" त्यांनी मामांना विचारलं.

"मोजायला बसलात तर जन्म जाईल."

"आणि यांचे?"

"हे तिघंच," आत्या म्हणाल्या.

"मग इकडचा एक तिकडे टाकला, तर आपलं पारडं काही वर जात नाही," साहेब म्हणाले. "मास्तर, थापा मात्र आता बंद. कुणी विचारलं तर खरं तेच सांगायचं."

"पोरीची शपथ, खरं तेच सांगेन," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. इतका आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता.

लग्न थाटात झालं. मुलाने आडनाव बदललं आणि टेलिफोनच्या पुस्तकात तिसरी नोंद आली. मास्तरांनीही शब्द पाळला. एके दिवशी बँकेतले एक नवे अधिकारी सुटाचं माप द्यायला आले. त्यांनी पाटी वाचून विचारलं, "मास्तर, आडनाव वेगळंच आहे हो. याचं मूळ काय?"

"मूळ ठाऊक नाही, साहेब," मास्तर अभिमानाने म्हणाले. "पण पुढचं सांगतो." आणि त्यांनी जावयाने सासऱ्याचं आडनाव कसं घेतलं, ते अगदी जसं घडलं तसं सांगितलं. दाताचं आणि मूळव्याधीचंसुद्धा. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कोट अंगात चढवता चढवता ते म्हणाले, "मास्तर, थाप मारायची तर मारा हो. पण पटेल अशी तरी मारा!"