धुरेकऱ्याची साक्ष

उत्तममामा एखाद्या म्हाताऱ्याची जीवनकहाणी लिहायला बसले की आधी त्याच्या धुरेकऱ्याचं नाव विचारतात. ज्याचं वावर आपल्या वावराला लागून, आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ज्याच्याशी पिढीजात भांडण, तो आमच्या आसेगावकडे धुरेकरी. "मानूस सोताबद्दल गोड बोलते, पोरं भेतात, बायको झाकते," मामा म्हणतात. "खरं फक्त धुरेकऱ्यालेच माईत!"

मामा एसटीतले निवृत्त कंडक्टर. गावातली म्हातारी माणसं जाण्याआधी कागदावर यावीत, हा त्यांचा ध्यास. आणि माझं टायपिंगचं दुकान आहे, हा माझा गुन्हा. एखादा आजोबा सांगता सांगता स्वतःच्या लग्नातल्या पंगतीतच रमला की मामा ओरडणार, "पुढं सरका, पुढं सरका! अजून पोरं व्हायचे हायेत तुमाले!"

माजी सरपंचांनी सांगितलं, "गावात रस्ता म्या आनला." त्यांच्या धुरेकऱ्यानं जोडलं, "आनला, पन सोताच्या वावरापरेंतच." मामांनी दोन्ही वाक्यं माझ्याकडून टाईप करून घेतली आणि पारावर मोठ्यानं वाचली. तेव्हापासून सरपंच झेरॉक्स काढायलाही माझ्याकडे येत नाहीत. मामांचं काय जातंय!

यंदा दिवाळीनंतर मामांना धाप लागायला लागली. वाशीमच्या डॉक्टरला दाखवून आले ते थेट दुकानात. "आता माही लिही बाप्पा. पन नियम तोच."

इथंच पंचाईत होती. मामांचे धुरेकरी शामराव, आणि मामी गेल्यापासून दोघांचं बोलणं बंद. मामांना मूलबाळ नाही. शामराव बोलले नाहीत तर कहाणी अर्धवट राहणार, आणि मामा मेले तरी नियम मोडणार नाहीत. शेवटी मीच त्यांना गाडीवर बसवून शामरावांच्या ओसरीवर नेलं.

शामरावांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. "लिही," ते मला म्हणाले. "हा एक नंबरचा चोर. दर साली नांगरताना माहा धुरा ईतभर खाये."

"दोन ईत," मामांनी दुरुस्ती केली.

"तोंड असं घान, का बैल बुजत!"

मामा खूश. मलाच म्हणाले, "पाह्य, याले म्हनतात साक्ष!"

मग शामराव मामांकडे न बघता म्हणाले, "याची बाई गेली, आन यानं वावर ठोक्यानं दुसऱ्याले कसाले देलं. इकडं फिरकनंच सोडलं. मंग म्याच मुद्दाम याचा धुरा कोरला. वाटलं, आता हा येईन, शिव्या देईन. नाही आला. म्याच परत माती टाकली."

माझं लिहिणं थांबलं.

"म्या पाह्यलं होतं, शाम्या," मामा म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसतही नव्हते. "भांडाले जीवच नव्हता रे."

शामराव उठले. आत तोंड करून त्यांनी आवाज दिला, "चहा ठेवा वं! आन हा जेवूनच जाईन."