एकशे अठ्ठ्याहत्तरचा पाठलाग

आमच्या भागात दर वर्षी आंतरसोसायटी रक्तदाब स्पर्धा होते आणि ज्या खेळाडूचा वरचा आकडा सर्वांत मोठा, त्याची सोसायटी करंडक नेते. वयोमर्यादा पस्तीस. म्हाताऱ्यांचा दाब चढला तर त्यात पराक्रम तो काय! तरुणांनी चढवून दाखवावा, तेव्हा कुठे मैदानात शिट्ट्या वाजतात.

यंदा आमची सह्यकिरण सोसायटी अंतिम फेरीत पोचली होती आणि समालोचनाचा माइक माझ्या हातात होता. आमचा खेळाडू ओजस टिपरे, वय अठ्ठावीस, दिवसभर संगणकापुढे. काय तयारी होती पोराची! दोन्ही वेळ पापड-लोणचं, झोप नावापुरती, आणि साहेबाचा फोन जेवतानाही उचलायचा. सरावात त्याने एकशे चौऱ्याऐंशी मारले होते. प्रशिक्षक होता गेल्या वर्षीचा विजेता हेरंब. त्या विजयापासून हेरंबला डावा हात उचलता येत नाही, त्यामुळे तो उजव्या हाताने मांडीवर थाप मारून शाबासकी देतो.

विरोध फक्त ओजसच्या बायकोचा, मृण्मयीचा. सामन्याच्या सकाळी मी आणि हेरंब सोसायटीच्या ऑफिसात बसलो असताना ती तरातरा आत आली.

"काका, त्याचं नाव मागे घ्या. जिना चढला की डोकं धरून बसतो तो."

"अगं, लक्षण चांगलं आहे," मी म्हणालो.

"मला नवरा हवाय, कर्णधार नकोय! हेरंबकडे बघून तरी तुम्हाला काही वाटू दे."

हेरंबने मान डोलावली. तिचं म्हणणं त्याला पटलं होतं, पण करंडकही हवा होता.

आता नियमांचं सांगतो, कारण ते आम्हीच करवून घेतले. उपांत्य फेरीत कावेरी हाइट्सचा सिद्धांत चार मजले धावत चढून खुर्चीत बसला होता. शुद्ध लबाडी! आम्ही हरकत घेतली, आरडाओरडा केला. शेवटी ठरलं, की अंतिम फेरीत खेळाडूने पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मगच दंडाला पट्टा बांधायचा. फोन पंचांकडे. प्रेक्षकांनीही ब्र काढायचा नाही. नियम मंजूर झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले.

पंच होत्या सरोजिनी सिस्टर, बाहेरगावच्या निवृत्त परिचारिका. पहिली पाळी सिद्धांतची. तो गप्प बसला, पट्टा फुगला, आणि काय सांगू, एकशे अठ्ठ्याहत्तर! खालचा एकशे बारा! धावणं नाही, चढणं नाही, अस्सल खेळ. तो विरोधी असूनही मी खुर्चीवर चढून ओरडलो.

मग ओजस उतरला. सिस्टरांनी त्याचा फोन काढून घेतला आणि माझा माइक बंद करायला लावला. मैदान चिडीचूप. ओजसच्या आयुष्यात अशी पाच मिनिटं कुणी त्याला दिलीच नव्हती, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आधी त्याचे खांदे खाली आले, मग कपाळावरची आठी गेली. हेरंब मांडीवर थाप मारायला गेला तर सिस्टरांनी डोळे वटारले.

पट्टा फुगला, सैल झाला.

"एकशे बेचाळीस. खालचा ब्याण्णव," सिस्टर म्हणाल्या. "बाद. आणि हाही चांगला नाही. उद्याच डॉक्टरांना दाखव."

कावेरीवाल्यांनी ढोल बडवत सिद्धांतला खांद्यावर घेतलं आणि तसंच नेऊन रुग्णवाहिकेत ठेवलं. करंडक त्याच्या उशाशी होता. त्याला धड बोलता येत नव्हतं. त्याची आई सगळ्यांना पेढे देत होती आणि मध्येच डोळे पुसत होती.

ओजस मात्र खुर्चीतून उठेना. सिस्टरांनी त्याच्यापुढे फोन धरला. साहेबाचा होता.

"सिस्टर, आणखी पाच मिनिटं बसू का?"

"स्पर्धा संपली, बाळा."

"हो ना," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा पाठ टेकली.

सिस्टरांनी फोन मृण्मयीला दिला. तिने तो बंद केला, एक खुर्ची ओढून आणली आणि त्याच्या शेजारी बसली. पलीकडे ढोलांचा दणदणाट चालूच होता. मी माइक सुरू केला आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "शांतता राखा! आमचा खेळाडू बसला आहे!"