अत्तार मॅडमचा उजेड

मासळी बाजारात जाऊन "जरा दिवा घालवता का?" असं विचारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या आमच्या अत्तार मॅडम. गाळ्यावरची मावशी म्हणाली, "अंधारात काय बघणार बाई, मासा की मला?"

"मासा. तुम्हाला उजेडात बघितलंय."

मावशीने हसत दिवा घालवला. मॅडमनी एकेक बांगडा डोळ्यांशी धरून पाहिला, एक निवडला आणि कालवण करायचं सोडून थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला.

मॅडम सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण जिन्याखालची डार्करूम काही त्यांनी सोडली नाही. तिथे त्या समुद्रातले उजळणारे जिवाणू वाढवत. समुद्र राहिला घाटाखाली. मॅडम मिठाचं पाणी इथेच कालवायच्या आणि बांगड्याच्या कातडीवरचे जिवाणू त्यात सोडायच्या. "एकटे असले की मिणमिणतसुद्धा नाहीत. गर्दी जमली की उजळतात. पुणेकरांच्या अगदी उलट," असं त्या म्हणत. मॅडमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या पुण्यातच गेल्यामुळे त्यांना ते शोभायचं.

मी तालुक्याच्या गावाहून आलेला, घरातला पहिलाच पदवीधर. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी फ्लास्कला 'शंकुपात्र' म्हणालो आणि वर्ग खदखदून हसला. मॅडम म्हणाल्या, "छान शब्द आहे, शिंगाडे. आता ते शंकुपात्र घासून आणा." त्या दिवशी मला पुणं माझं वाटलं. आज मी त्याच विभागात शिकवतो, आणि यात माझ्या हुशारीचा वाटा किती, हे मला पक्कं माहीत आहे.

त्यांची डार्करूम बघायची तर नियम फार. मोबाइल बाहेर, चकाकणारं घड्याळ बाहेर. आत जाऊन गप्प बसायचं. "डोळे बसू द्या," त्या म्हणायच्या, जशी काही डोळ्यांत धूळ उडाली आहे. कोणी चुळबुळ केली की अंधारातून आवाज यायचा, "घाई असेल त्यांनी ट्यूबलाइट बघावी."

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता. स्वतःचा हात दिसत नव्हता. मग समोर काहीतरी निळसर उमटलं. आधी वाटलं, भास आहे. पण ते वाढत गेलं आणि त्या उजेडात काचेचा आकार दिसू लागला. ना ज्योत, ना तार, ना ऊब. पाणीच उजळत होतं. मग तो उजेड ओसरायला लागला. विझतो की काय म्हणून मी श्वास धरून पुढे झुकलो, तर तो पुन्हा भरत आला. पुन्हा ओसरला. झोपलेल्या बाळाची छाती वरखाली व्हावी तसा. ज्यांना डोळे नाहीत, मेंदू नाही, असे अगणित जीव एकदम उजळत होते आणि एकदम मंदावत होते. मी हात जोडले. अंधारात कोण बघतंय!

हवा कमी पडली की ते मंदावतात, मिळाली की उजळतात, असं मॅडमचं म्हणणं. पदार्थविज्ञानाच्या कुलकर्णी सरांना ते मान्य नव्हतं. ते म्हणायचे, "अंधारात टक लावून बसलं की कुठलाही मंद दिवा लुकलुकतो. मॅडम, जिवाणू नव्हे, तुमचा मोतीबिंदू लुकलुकतोय."

हे मॅडमना लागलं होतं. उजेड मोजायचं यंत्र केव्हाच बिघडलं होतं. हा ताल जिवाणूंचा की आपल्या डोळ्यांचा, एवढं एकदा कळलं पाहिजे, बाकी काही नको, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

त्यासाठी त्यांनी युक्ती काढली. आत दोघांनी बसायचं, मध्ये पुठ्ठा. प्रत्येकाच्या हातात एक दोरा. दोरे दाराखालून बाहेर, आणि बाहेर दोन घुंगरं, एक बारीक आवाजाचं, एक जाड. उजेड भरायला लागला की दोरा ओढायचा. जाड दारामुळे आत काही ऐकू येत नसे. दोन्ही घुंगरं एकदम वाजली तर ताल खरा. येताजाता मुलं विचारायची, "आत आरती चालू आहे का हो?"

"कुलकर्णी, टोमणे बाहेर ठेवा आणि आत बसा," मॅडमनी एका दुपारी फर्मावलं. ते बसले. मी बाहेर.

बऱ्याच वेळाने कुलकर्णी सरांचं बारीक घुंगरू वाजलं. मी जाड घुंगराकडे पाहिलं. ते गप्प. पुन्हा बारीक वाजलं, पुन्हा. मॅडमचं एकदाही नाही. दोरा अडकला असेल म्हणून मी तो चाचपला. मोकळा होता.

दार उघडलं. कुलकर्णी सर बाहेर आले. मागून मॅडम आल्या, भिंतीला हात लावत.

"मला काही दिसलं नाही, शिंगाडे. नुसता काळोख. बरेच दिवस असंच चाललंय. मला वाटलं, जिवाणूच थकले. म्हणून तर सारखे नवे बांगडे आणत होते."

मोतीबिंदूवरचा विनोद कुलकर्णी सरांच्या हाताशी होता. त्यांनी चष्मा पुसला.

"एकट्याची साक्ष धरत नाहीत, मॅडम," ते म्हणाले. "शिंगाडे, तुम्ही चला आत. घुंगरं मॅडम सांभाळतील. आणि मॅडम, डोळ्यांच्या डॉक्टरकडे उद्या मी येणार आहे बरोबर. वाद नको."

आम्ही बसलो. उजेड आला, गेला, आला. मी दोरा ओढत राहिलो. पुठ्ठ्यापलीकडे काय चाललंय, मला कळत नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा मॅडम स्टुलावर डोळे मिटून बसल्या होत्या. दोन्ही घुंगरं त्यांनी दोन तळहातांवर घेतली होती.

"एकदम," त्या म्हणाल्या. "दर वेळी एकदम."

"खरं आहे तुमचं," कुलकर्णी सर म्हणाले. "ताल त्यांचाच आहे."

मग मॅडमनी लहान मुलीसारखं विचारलं, "कसा होता हो उजेड?"

कॉलेजात कधी सलग दोन वाक्यं सरळ न बोललेले कुलकर्णी सर जिन्याच्या पायरीवर टेकले.

"आधी वरच्या बाजूला एक निळी कड आली," ते म्हणाले. "नाही, निळी नाही. थांबा, मॅडम. नीट सांगतो."