फौरन खोल पाडा

वडवणीच्या सरकारी मदरशाची, म्हणजे शाळेची, पूर्वेची भिंत पुरी व्हायला दीड हात उरला असताना बीडहून चपराशी हुकूम घेऊन आला. फसली सन १३३१, बहमन महिना, बुधवार. चपराशाच्या छातीवर पितळी बिल्ला होता आणि आवाजात साहेबाची नक्कल. तट्टावरून उतरताच त्यानं विचारलं, "मुकादम कौन है?"

"मैं, हुजूर," रामहरी पुढे झाला.

रामहरीला मुकादमी मिळून चारच महिने झाले होते, आणि ती दोन शब्दांवर मिळाली होती. बांधकामाचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदारानं विचारलं होतं, "उर्दू येतं का बे?" रामहरी म्हणाला होता, "क्यूं नहीं?" त्याआधी सात वर्षं त्यानं डोक्यावरून दगड वाहिले होते. त्यात त्याची मान उजवीकडे वळेनाशी झाली होती. वरखाली मात्र ती उत्तम हलायची, आणि मुकादमीला तेवढी पुरत होती. ही मुकादमी गेली तर पुन्हा चुंबळ आणि दगड. ते त्याला नको होतं.

चपराशानं कागद उलगडला. दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या तालुक्यात एका बांधकामावर दोन गवंडी पडून जायबंदी झाले होते. त्यावरून बीडच्या बांधकाम खात्याच्या साहेबांनी मजुरांच्या हिफाजतीची चार कलमं लिहून काढली होती. मुकादमानं ती मजुरांना समजावून सांगायची, शनिवारी साहेब स्वतः येऊन मजुरांना विचारणार, आणि ज्याच्या मजुरांना सांगता येणार नाही त्याची मुकादमी रद्द. चपराशी खडखडा वाचत गेला. रामहरीची मान वरखाली होत राहिली.

"समझे?"

"जी हुजूर."

"एक बार और पढूं?"

आजूबाजूला बारा मजूर उभे होते. "नक्को हुजूर," रामहरी म्हणाला. "सब समझ्या."

चपराशी कागद त्याच्या हाती देऊन निघून गेला. रामहरीनं कागद उलटा धरला आहे हे फक्त चपराशाच्या तट्टाला दिसलं असावं.

त्या कागदातलं दुसरं कलम असं होतं: 'ताक में औजार न रखें.' उर्दूत ताक म्हणजे कोनाडा. उंचावरच्या कोनाड्यात थापी, हातोडा ठेवला तर खालच्याच्या डोक्यात पडतो, एवढाच त्याचा अर्थ. चौथं कलम असं: 'पाड को रोज सुबह देखा जाए. जो पाड कमजोर हो, फौरन खोल दी जाए.' उर्दूत पाड म्हणजे गवंडी ज्यावर उभा राहून काम करतो ती परांची, आणि खोल देणं म्हणजे ती सोडवून उतरवणं. वडवणीत ताक म्हणजे ताक होतं, पाड म्हणजे पाड, आणि खोल म्हणजे खोल.

रामहरीनं सगळ्यांना चुन्याच्या घाणीजवळ बसवलं. घाणीवर चुना मळणारी जानकीबाई वयानं सगळ्यांत वडील. ती उभीच राहिली.

"पयलं कलम," रामहरी म्हणाला. "चुना डोळ्यात गेला तर चोळायचं न्हाई. पाणी मारायचं."

"हे सांगायला सरकार कावून लागतंय?" जानकीबाई म्हणाली. "माझी आजी सांगायची."

"दुसरं. ताकात अवजारं ठेवायची न्हाईत."

मजुरांतला म्हाळू म्हणाला, "कुनी ठेवलीती?"

"कुनी का ठेवंना. सरकारला कळलंय."

"थापी ताकात ठेवली तर थापी बाटंल का ताक?" त्रिंबकनं विचारलं. त्रिंबक दगड वाहायचा आणि प्रत्येक गोष्टीचा दुसरा अर्थ विचारायचा.

"हुज्जत घालू नगं बे. आजपासून बांधकामावर ताकच आणायचं न्हाई. म्हंजे भानगडच मिटली."

दुपारी कोरडी भाकरी खावी लागणार हे कळल्यावर मजुरांना सरकारच्या हुकुमाचं वजन प्रथमच जाणवलं.

"तिसरं. वरून काय बी टाकायचं असंल, पाडायचं असंल, तर आधी आवाज द्यायचा. हटाव म्हनायचं."

"कोन देनार?"

"म्हाळू." म्हाळूनं बैलाला हाक मारली तर शेजारच्या गावचा बैल थांबे, अशी ख्याती होती.

"आन् चवथं," रामहरी थांबला. हे कलम त्याला सगळ्यात नीट ऐकू आलं होतं. पाड, कमजोर, फौरन, खोल. चारही शब्द ओळखीचे होते, आणि इतकं उर्दू आपल्याला एकाच वेळी कळल्याचा त्याला अभिमानही वाटला होता. "जे कमजोर असंल ते फौरन पाडायचं. खोल पाडायचं. पायापर्यंत."

आता मल्लिनाथ मिस्त्री उठला. मल्लिनाथ आप्पा अंबाजोगाईकडचा, गळ्यात लिंग, बोलणं मोजून. त्याच्या हातची भिंत परातीतल्या पाण्यासारखी सरळ असे.

"माझ्या बांधकामात कमजोर काय हाय, मुकादम?"

"मी कुठं म्हनलं तुमच्यात हाय?"

"मग कुनाच्यात?"

"आप्पा, हुकूम हाय. साहेब शनिवारी येनार. इचारनार, कमजोर काय व्हतं, काय पाडलं? काईच न्हाई म्हनलं तर म्हनंल, हुकूम पाळला न्हाई. काईतरी पाडलेलं दिसाया पायजे."

हे तर्कशास्त्र बिनतोड होतं. प्रश्न एवढाच उरला की कमजोर काय. पश्चिमेची भिंत आप्पाची, तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. दक्षिणेची आणि उत्तरेचीही आप्पाचीच.

"पूर्वेची," जानकीबाई म्हणाली.

रामहरीनं मान डावीकडे वळवली, कारण ती तिकडेच वळत होती. "पूर्वेची कावून?"

"आप्पा कपिलधारच्या जत्रंला गेलते तवा आठ दिवस तूच उभा राहून बांधून घेतलीस ती. मी चुना मळीत व्हते. किती मळला ते मला ठावं हाय. निम्मा बी न्हाई लागला."

"मुकादम घाईत व्हते," त्रिंबकनं पुस्ती जोडली. "आप्पा यायच्या आत उंच दिसाया पायजे म्हनत व्हते."

मिस्त्रीनं दाढी खाजवली. जत्रेहून आल्यापासून तो त्या भिंतीकडे डोळे बारीक करून पाहायचा, आणि त्याचा पितळी ओळंबा हरवल्यामुळे त्याला खात्री करता येत नव्हती. नवा ओळंबा बीडहून यायचा होता. तोवर आप्पा त्या भिंतीवर फक्त वरचे थर चढवत होता, तेही नाराजीनं.

रामहरी पेचात सापडला. भिंत पाडली नाही तर हुकूम मोडल्याबद्दल मुकादमी जाणार. पाडली तर आपली भिंत कमजोर होती हे आपणच कबूल केल्यासारखं. रात्रभर विचार करून त्यानं ठरवलं की साहेब भिंतीबद्दल ओरडेल की हुकुमाबद्दल, तर हुकुमाबद्दल.

गुरुवारी सकाळी पाडकाम सुरू झालं. चौघं परांचीवर चढले, वरून एकेक दगड सुटा करू लागले. म्हाळू खाली उभा राहून प्रत्येक दगडाला "हटाऽऽव" म्हणून आवाज देत होता. दुपारपर्यंत गावातली कुत्री येऊन बसली, संध्याकाळपर्यंत गाव. एवढ्या धांदलीत कुणाच्या अंगठ्यालाही खरचटलं नाही. तिसरं कलम तंतोतंत पाळलं गेलं होतं.

कमरेच्या उंचीवर भिंत आली तेव्हा तिच्या पोटात चुना नव्हताच. दोन्ही बाजूंना घडीव दगड, मधे नुसती कोरडी खडी, आणि खडीत सुतळीसकट मल्लिनाथ मिस्त्रीचा ओळंबा.

आप्पानं तो धोतराच्या सोग्यानं पुसला, एका डोळ्यासमोर धरला, मग रामहरीसमोर धरला.

"भिंत सरळ हाय का वाकडी ते बघायचं अवजार हाय हे," तो शांतपणे म्हणाला. "भिंतीत घालायचं नसतंय."

"निदान ताकात तर न्हाई ना घातलं," त्रिंबक म्हणाला.

शुक्रवारी सुट्टी होती. शनिवारी सकाळी साहेब टांग्यातून आले. मागे तट्टावर तोच चपराशी. साहेबांच्या अंगात हैदराबादी शेरवानी, हातात वेताची काठी. साहेबांनी आधी जानकीबाईलाच विचारलं, "चूना आंख में गया तो?"

"पानी मारायचं, हुजूर."

"शाबास. और ताक में औजार रखते क्या?"

"न्हाई हुजूर. ताकच बंद केलंय."

साहेबांनी पश्चिमेच्या भिंतीतल्या कोनाड्याकडे पाहिलं. तो उघडा होता आणि त्यात मिस्त्रीची थापी होती. "फिर ये क्या है?"

"ती थापी हाय," जानकीबाईनं समजावून सांगितलं. "ती कोनाड्यात हाय, ताकात न्हाई."

साहेब रामहरीकडे वळले. "पाड देखी?"

"देखी, हुजूर," रामहरी छाती काढून म्हणाला. "कमजोर था. फौरन पाडा."

"खोल दी?"

"एकदम खोल, हुजूर. पायापर्यंत."

साहेबांनी पूर्वेकडे पाहिलं. तिथे भिंत नव्हती. भिंत नसलेल्या जागेसमोर परांची मात्र एकटीच उभी होती, नवरदेव पळून गेलेल्या मांडवासारखी.

"तो फिर ये क्या खडी है?"

"ये परांची है, हुजूर."

"परांची क्या?"

रामहरीनं हसून परांचीकडे बोट केलं. साहेब परांचीपाशी गेले आणि तिच्या कोपऱ्यातल्या लाकडी डांबाच्या बुडाला त्यांनी काठी टोचली. काठी आत गेली. लाकडात नव्हे, भुशात जावी तशी गेली. बूड वाळवीनं आतून खाल्लं होतं. आजवर कसाबसा तग धरून राहिलेला डांब थोडा विचार केल्यासारखा थांबला आणि कलायला लागला.

"हटाऽऽऽव!" म्हाळू ओरडला.

साहेबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, पण त्या आवाजाचं ऐकलं. ते मागे उडी मारून वाळूच्या ढिगावर बसले. सगळी परांची, फळ्या, दोर, डांबांसकट, ते उभे होते त्या जागेवर येऊन आदळली.

धूळ बसल्यावर साहेबांनी टोपी शोधली, डोक्यावर घातली आणि काठीनं त्या ढिगाकडे दाखवलं.

"ये," ते म्हणाले, "ये है पाड."

रामहरीला त्या क्षणी चारही कलमं, उलट्या क्रमानं, एकदम समजली. मग त्याला आणखी एक गोष्ट समजली. भिंत उभी असती तर या वेळी त्या परांचीवर चौघं असते. त्यात त्रिंबक असता, डोक्यावर दगड घेऊन.

"दीवार किसने गिराई? क्यूं?" साहेबांनी विचारलं.

मल्लिनाथ मिस्त्री पुढे झाला. "भिंत कमजोरच व्हती, हुजूर. हे बघा." त्यानं खडीची मूठ दाखवली. चुन्याचा कणही नव्हता. दुसऱ्या हातात ओळंबा होता. "हा तिच्यातच व्हता."

साहेबांनी खडी पाहिली, ओळंबा पाहिला, मग बराच वेळ रामहरीला पाहिलं. नंतर ते उर्दूत बोलू लागले. मोठं, घडीव, फारसी शब्दांनी भरलेलं बोलणं. शेवटी थांबून म्हणाले, "समझे?"

रामहरीची मान सवयीनं वर गेली. ती वरच थांबली.

"न्हाई, हुजूर," तो म्हणाला. "मला उर्दू येत न्हाई."

साहेबांनी दीर्घ श्वास सोडला. "बारा वर्षं बीडात काढली मी," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "आधी बोलला असतास तर मराठीत सांगितलं असतं. भिंत पुन्हा बांध, तुझ्या खर्चानं. ओळंबा बाहेर ठेवून. आणि पुढला हुकूम येईल तो मला वाचून दाखवायचा. तोवर मुकादमी कच्ची."

टांगा निघाला. चपराशी तट्टावर चढता चढता रामहरीजवळ वाकला. "मी पाटोद्याचा हाय, शहादेव," तो हळूच म्हणाला. "पुन्यांदा वाचू का म्हनलं तवाच हो म्हनायचं की, दादा. मराठीत सांगितलं असतं. पर तुमी मान अशी डोलवत व्हते, मला वाटलं हे आपल्यापेक्षा शिकलेले दिसतात."

मदरशाची पूर्वेची भिंत पुन्हा गुडघ्याएवढी झाली तेव्हा त्या मदरशात पहिला विद्यार्थी आला. संध्याकाळी काम सुटल्यावर गावचे मौलवीसाहेब पश्चिमेच्या भिंतीला टेकून बसत, आणि त्यांच्यासमोर पाटी घेऊन रामहरी. मौलवीसाहेबांसाठी जानकीबाई लोटाभर ताक आणून ठेवायची. ताकबंदी उठली होती. कोनाडा मात्र रिकामा होता.

"पे, अलिफ, डे," रामहरी मान खाली घालून मोठ्यानं वाचत होता. "पाड."

भिंतीपलीकडून त्रिंबकचा आवाज आला. "मुकादम, आता कोंची भिंत?"