संत दिमासांच्या पायांशी ठेवलेले पिस्तूल

खऱ्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती घडविणे ही कला होय आणि खोटी वस्तू खरी म्हणून खपविणे हे पाप होय, इथवर कोणाच्या मनात संदेह नसतो. परंतु एखादी वस्तू मुळातच खोटी असावी, तरीही तिच्यापुढे अख्ख्या गावाने जन्मभर मस्तक नमविलेले असावे, आणि अशा वस्तूची प्रतिकृती करण्याची वेळ यावी, तर ती खरी करावी की खोटी? दुरांगो प्रांताच्या माळावरील सान लाउतेरो या गावी चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या फिदेन्सिओवर हे धर्मसंकट ओढवले ते केवळ एका फडक्यामुळे.

संत दिमासांचा उत्सव तोंडावर आला होता. त्यांच्या मूर्तीच्या पायांशी ठेवलेले पुरातन पिस्तूल पुसावे, म्हणून फिदेन्सिओने ते तेलकट फडक्याने उचलले आणि ते निसटले. लोखंड दगडी फरशीवर आपटल्यावर जो खणखणाट व्हावा, तो झालाच नाही. मडके फुटावे तसा आवाज झाला. फिदेन्सिओने खाली पाहिले, तो फरशीवर प्लास्टरचे तुकडे, गोणपाटाचे धागे आणि खोक्याच्या लाकडाची एक पट्टी पडलेली.

हे पिस्तूल मुळात सिनेमावाल्यांचे. पूर्वी या माळावर एका चित्रपटाचे चित्रण झाले होते. त्याच्या अखेरच्या प्रसंगात पश्चात्तापाने पोळलेला दरोडेखोर आपले पिस्तूल एका मुलीच्या हातांतील मखमली उशीवर ठेवतो आणि ती मुलगी ते संतांच्या पायांशी नेऊन वाहते. संत दिमास हे स्वतः ख्रिस्ताच्या शेजारच्या क्रुसावर अखेरच्या घटकेला सुधारलेले चोर. तेव्हा अर्पण योग्य स्थळी पोहोचले होते. सिनेमावाले गेले, पिस्तूल राहिले आणि गावाने ते खरेच मानले. देवाला वाहिलेली वस्तू परत कोण उचलणार? ती मुलगी म्हणजे कासिल्दा; गाव आता त्यांना आदराने दोन्या कासिल्दा म्हणे. त्या आता वृद्ध झाल्या होत्या आणि प्रत्येक उत्सवात तेच पिस्तूल त्याच उशीवरून मिरवणुकीत नेत होत्या. पाठ वाकलेली, खांदे उतरलेले, एकेक पाऊल ओढत टाकलेले. ते दृश्य पाहून धट्टेकट्टे गुराखीही टोप्या काढीत.

त्यांचे यजमान रोसेंदो तरुणपणी मोठे भांडखोर होते. एका उत्सवात मिरवणूक पाहता पाहता त्यांनी कमरेचे हत्यार सोडून त्या पिस्तुलाशेजारी ठेवले आणि पुन्हा कधी हत्याराला हात लावला नाही. दोन्या कासिल्दांच्या संसाराचा पाया पडला तो त्याच दिवशी. त्या फिदेन्सिओच्या धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच त्याला हातांवर धरले होते. आपल्या माईचा संसार प्लास्टरवर उभा होता, हे तिला कोणत्या तोंडाने सांगावे?

तुकडे रुमालात बांधून तो मकारिओ लोहाराकडे धावला.

"गड्या, असंच्या असं करून दे. उत्सवाच्या आत."

मकारिओने एक तुकडा चुरडून पाहिला. "असंच म्हणजे कसं? प्लास्टरचं? मग बेकरीवाल्याकडे जा की. माझ्या हातून खोटं काही होत नाही, राव."

"खरं नको रे बाबा! माई उचलते ते. वजनात फरक पडला तर तिला लगेच कळेल."

"म्हणूनच म्हणतो, लोखंडाचं हवं. माई चालते कशी ते बघितलंस ना? वाकून, पाय ओढत. हलकं उचलून माणूस असं चालतं होय?"

"पण तुकडे तर हलके आहेत."

"आत शिसं असणार. कोणीतरी काढून नेलं."

"संताच्या पायांपासून चोरी? कोण करेल?"

"आणि संत कोण होते रे? त्यांनी समजून घेतलं असेल."

हा युक्तिवाद फिदेन्सिओला पटला. मात्र वजन नेमके किती, हा प्रश्न उरलाच. मकारिओने त्याच्या हातांत उशी दिली, तिच्यावर घोड्याचे नाल ठेवले आणि त्याला भट्टीभोवती चालविले.

"वाकला नाहीस अजून. आणखी दोन घे."

"हात तुटतील, मकारिओ!"

"माईचे तुटले का इतकी वर्षं? चाल. पाय ओढ. हं, आता कुठं माईसारखा दिसायला लागलास!"

धडधाकट पुरुषाला वृद्धेसारखे वाकविण्यास जेवढे नाल लागले, त्यांतले दयेपोटी चार वगळून पिस्तुलाचे वजन ठरले. दोघांपैकी कोणालाही या गणितात काही खटकले नाही.

पुढे जे घडले त्याचे वर्णन मात्र आदरानेच करावयास हवे. मकारिओने मद्यपानगृहातील भिंतीवरचे चित्रपटातल्या त्या अखेरच्या प्रसंगाचे छायाचित्र उतरवून आणले आणि भिंग लावून त्यातील रेघन्‌रेघ न्याहाळली. मेस्किते या काटेरी झाडाच्या लाकडाची मूठ कोरली आणि तिच्या पोटात शिसे ओतले. नळीवर द्राक्षवेली उठविल्या. मीठ आणि सिरका चोळून लोखंडावर शतकाचा गंज चढविला. चापाजवळ छायाचित्रात एक बारीकसा ठिपका होता, तोही त्याने चांदीत जडविला; तो माशीने केलेला होता, हे पुढे काच पुसताना कळले. काम पुरे झाले तेव्हा दोघांनी ती वस्तू उशीवर ठेवली. मकारिओने टोपी केव्हा काढली, हे त्याचे त्यालाही उमगले नाही.

उत्सवाचा दिवस उजाडला. वाजंत्री सज्ज झाली. काळी शाल पांघरलेल्या दोन्या कासिल्दांनी उशी पुढे केली. फिदेन्सिओने दोन्ही हातांनी पिस्तूल उचलून उशीवर ठेवले, आणि माईंचे हात गुडघ्यांपर्यंत खाली गेले.

"आई गं!" त्या पुटपुटल्या. त्यांनी एकदा उशीकडे पाहिले, एकदा फिदेन्सिओकडे. त्याने डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी श्वास घेतला, उशी छातीशी ओढली आणि तोल सावरण्यासाठी शरीर मागे टाकले. जन्मात प्रथमच कोणीतरी खरे ओझे दिले होते. आता वाकल्या असत्या तर तोंडावर पडल्या असत्या. पाठ ताठ झाली, मान उंचावली आणि वधस्तंभाकडे निघालेल्या राणीसारख्या त्या चालू लागल्या.

"बघा, बघा! माईंची पाठ सरळ झाली!" गर्दीतून कोणीतरी ओरडले. वाजंत्री थांबली. माणसे गुडघे टेकू लागली. रस्त्याच्या कडेला मकारिओही रडत होता आणि आपण केलेल्या वस्तूपुढे क्रुसाची खूण करीत होता.

उत्सव आटोपल्यावर रिकाम्या चर्चमध्ये माई बाकावर बसून मनगटे चोळीत होत्या.

"फिदेन्सिओ, इकडे ये. जुनं कुठंय?"

तो त्यांच्या पायांशी कोसळला. "फुटलं, माई. माझ्या हातून फुटलं."

"आतलं प्लास्टर कोणी बघितलं?"

फिदेन्सिओने मान वर केली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अरे लेकरा, मीच नाही का उचलत होते? पावाहून हलकं होतं ते. शूटिंगच्या वेळी साहेब मला म्हणाला, 'पोरी, लोखंड उचललंयस असं चाल.' तशी चालले. मग ते सगळे निघून गेले. 'आता पुरे' म्हणायला कोणी आलंच नाही."

"पण इतकी वर्षं, माई?"

"दुसऱ्याच वर्षी रोसेंदो रस्त्याच्या कडेला उभा होता. नंतर म्हणाला, 'एवढीशी पोर एवढं ओझं उचलते, मग मला माझं खाली ठेवता येऊ नये?' त्यानंतर हलकं चालायची माझी काय बिशाद होती? तो गेला तरी चालतच राहिले. म्हटलं, कडेला आणखी कोणी उभा असेल." त्यांनी सुजलेले मनगट पुढे केले. "पण काय रे, इतकं जड? वजन ठरवलं कोणी?"

फिदेन्सिओने मान खाली घालून नालांची हकिकत सांगितली. माई शालीत तोंड लपवून इतक्या हसल्या की बाक हलू लागले.

"मेल्यांनो! मी एवढी वाकत होते?"

"त्याहून जास्त, माई. आम्हीच चार नाल कमी धरले."

"चांगलं केलंत." त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरविला. "पुढच्या वर्षी तू उचल. आणि कसं चालायचं, ते तुला कोणी शिकवायला नको."

ज्यांनी दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी हलके ओझे जड करून वाहिले आणि ज्यांनी त्याच श्रद्धेसाठी अज्ञानाने ते खरोखर जड केले, त्या सर्वांचे खांदे बळकट राहोत. आणि रस्त्याच्या कडेला जो कोणी अजून उभा असेल, त्याचेही ओझे उतरो.