पंपाशेजारचं छोटं प्रथिन

वझलवार सर रोज सकाळी अंगणात उभे राहतात, दोन्ही हात पाठीमागे कमरेवर ठेवतात आणि म्हणतात, "शाबास! रात्रभर काम केलं तुम्ही." आम्ही चेरीताल मोहल्ल्यात त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, यांची कंबर धरली. तिने तेलाची बाटली पाठवली. ती तशीच परत आली. "कंबर ठणठणीत आहे जी. मी किडन्यांशी बोलून राहिलो."

सर मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले, शिकवण्यातून नाही. पंगतीत पानावर मीठ पडलं की शेजारच्याची खैर नसते. मूत्रपिंडात बारीक नळ्या, नळ्यांना पेशी, पेशींच्या भिंतीत पंप. तो सोडियम रक्ताकडे ढकलतो, झोपेतसुद्धा थांबत नाही. एवढं सांगून होईपर्यंत सरांचे डोळे पाणावतात आणि वरणभात गार होतो. शेजारच्याचासुद्धा.

एकदा त्यांना भेडाघाटला नेलं. धुआंधारचा प्रपात बघून आम्ही सगळे थक्क. सरांनी पाठ फिरवली. "हे तर नुसतं पडून राहिलं! पडायला काय लागते? तिकडे रक्तात आधीच सोडियम खच्चून भरलं असते, तरी माझा पंप तिकडेच ढकलते. चढावर!"

परतताना मी त्यांना खूश करायला विचारलं, "पंप फारच जोरात चालला तर?"

सरांचा आवाज एकदम खाली आला. "त्याला चिकटून एक इवलंसं प्रथिन बसलं असते. स्वतः काहीच ढकलत नाही. नुसतं म्हणते, हळू रे बाबा, हळू. डोळ्याला दिसत नाही अशा जागी कोणाची ही काळजी, सांग?" मी कधी विज्ञानाच्या वाटेला गेलो नाही, पण तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

पुढे कुसुमकाकूंच्या, सरांच्या पत्नीच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सरांनी काकूंना अंगणात खुर्चीवर बसवलं, त्यांच्या कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "खूप केलं तुम्ही. बसा आता." आम्ही कोणी हसलो नाही.

डायलिसिस सुरू झालं. अंगातलं पाणी भरभर निघालं की काकूंचं बीपी घसरायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे. एकदा तर शुद्धच हरपली. आता ही बाई वाचते की नाही, असं झालं होतं.

एके दिवशी मी दवाखान्यात डबा घेऊन गेलो. म्हटलं, सर मशीनवर व्याख्यान देत असतील. पण स्टुलावर बसून त्यांनी काकूंची पोटरी दोन्ही हातांत धरली होती. ती जराशी ताठरली की मान वर करायचे, "भैया, ज़रा धीरे." तंत्रज्ञ वेग कमी करायचा. काकू शांत झोपल्या होत्या.

"मशीन चांगली आहे ना, सर?"

"चांगलीच आहे जी. फक्त तिला हळू म्हणणारं बाजूला कोणी नाही." त्यांनी पोटरीवरचा हात काढला नाही. "म्हणून मी बसून राहिलो."